रोव्हानिएमी, सव्वादोन वर्षांची लेक आणि दुपारी दोनची रात्र

फिनलंडला सांताक्लॉजच्या गावी जायचं ठरलं तेव्हा आम्ही थंडीची जय्यत तयारी केली. अंधाराचा विचार मात्र कुणाच्याच डोक्यात आला नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रोव्हानिएमीला सूर्य अकराच्या सुमाराला उगवतो आणि दीडच्या आत मावळतो. आमच्या चिऊचं घड्याळ सरळ आहे, काळोख झाला की झोप. दुपारी दोन वाजता, सांताच्या रांगेत, तिने स्वतःची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि "गुडनाइट" म्हणून मोकळी झाली.

पण आधी पोचायचं कसं ते सांगते. हेलसिंकीहून संध्याकाळी निघणारी झोपायची रेल्वे साधारण बारा तासांत पोचवते. डबे दुमजली असतात. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना स्वतःचं टॉयलेट आणि शॉवर असतो, खालच्यांना नाही. लंगोटवालं मूल असेल तर वरचीच खोली घ्या, पण जिना अरुंद आहे, अवजड बॅगा नकोत. आम्ही दोन नेल्या आणि नवऱ्याने त्याबद्दल तिसऱ्या दिवसापर्यंत ऐकवलं. स्टेशनवरून आठ नंबरची बस सांताच्या गावात जाते, अंतर आठेक किलोमीटर.

बाबागाडी नेऊ नका. भुसभुशीत बर्फात चाकं रुततात आणि आपण नांगर ओढतोय असं वाटतं. तिथली माणसं मुलांना दोरी बांधलेल्या प्लास्टिकच्या घसरगाडीतून ओढत नेतात, तिला ‘पुल्का’ म्हणतात. आम्हाला ती हॉटेलातच वापरायला मिळाली. फक्त एक लक्षात ठेवा: ओढणाऱ्याला घाम फुटतो आणि बसलेलं मूल गारठतं. आपल्याला उकडतंय म्हणून तिलाही उकडत असेल, हा हिशेब उणे चौदामध्ये साफ चुकतो. खाली जाड घोंगडी घाला, दर वीस मिनिटांनी तिला उतरवून चालवा आणि मानेमागे बोट घालून बघा. मान ऊबदार असेल तर ठीक, नाक आणि गाल गारच लागणार. आत सुती बनियन नको, घामाने ओला झाला की वाळत नाही. लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वर अखंड स्नोसूट. हातमोजे पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे आणि दोरीने जोडलेले घ्या. आमचा एक मोजा पहिल्याच तासात गेला. (आणि हो, स्नोसूट उतरवून लंगोट बदलायला दहा मिनिटं लागतात. मुलीने सूचना द्यायची वाट बघू नका.)

गावात शिरायला तिकीट नाही आणि सांताला भेटायलाही पैसे पडत नाहीत. पैसे फोटोचे, आणि ते चांगलेच लागतात. आत आपला कॅमेरा वापरू देत नाहीत. गर्दीच्या दिवसांत रांग लांबते, आम्ही दीड तास उभे होतो. एकाने रांगेत राहावं, दुसऱ्याने मुलाला बाहेर खेळवावं, आणि शक्यतो उघडल्या उघडल्या जावं. आम्ही आधी जेवून मग गेलो, तीच चूक. चिऊ गाढ झोपलेली. सांताने तिच्याकडे पाहिलं, आवाज एकदम खाली आणला आणि पूर्ण भेट आमच्याशी कुजबुजत पार पाडली. फोटोत तिची फक्त टोपी दिसते. तरी घेतला.

तिला खरं आवडलं ते आर्क्टिक वृत्त, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीची काल्पनिक रेषा, जी गावात जमिनीवर आखून दाखवली आहे. जमिनीवरच्या त्या रेषेवरून ती पंधरावीस वेळा इकडून तिकडे उड्या मारत होती. खरं वृत्त दरवर्षी सुमारे १४-१५ मीटर उत्तरेला सरकतं, त्यामुळे ही रेषा आता तंतोतंत जागी नाही, पण तिला कोण सांगणार! गावातली सगळ्यात जुनी कथाही इथलीच: १९५० साली एलिनॉर रूझवेल्ट (अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी) येणार म्हणून घाईघाईने एक लाकडी झोपडी बांधली होती.

शेवटी पोस्ट ऑफिस. आत ऊब आहे, बसायला जागा आहे, थकलेल्या मुलाला घेऊन सरळ तिथेच जा. दोन पेट्या असतात. एकीतली पत्रं लगेच निघतात, दुसरीतली थेट पुढच्या नाताळाला. पाटी नीट वाचा. सासूबाईंनी ‘सुखरूप पोचलो, काळजी नको’ असं मामंजींना लिहिलेलं कार्ड दुसऱ्या पेटीत टाकलंय.