साडेसहा ऑक्सिजन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि शाळेची इमारत, मैदान वगैरे आठवायच्या आधी मला सर आठवले, आपले विज्ञानाचे सर, उजव्या बाहीवर कायम खडूची पूड. नाव लिहायची गरज नाही, दहावी ब च्या कुणालाही विचारा.

रासायनिक समीकरणं बघितली की माझ्या पोटात गोळा यायचा. वायू जळण्याची समीकरणं मिथेन, प्रोपेनपर्यंत ठीक होती, मिथेनला जळायला दोन ऑक्सिजन, प्रोपेनला पाच. दोन्ही बाजूंचे अणू सारखे करायचा सरांचा क्रम ठरलेला, आधी कार्बन मोजायचा, मग हायड्रोजन, ऑक्सिजनला सगळ्यात शेवटी हात लावायचा, कारण उजवीकडे तो कार्बन डायऑक्साइडमध्येही असतो आणि पाण्यातही, पण डावीकडे सुटा असतो, हवा तेवढा घेता येतो. मग एक दिवस त्यांनी ब्युटेन लिहिला, सी४एच१०, म्हणजे चार कार्बन, दहा हायड्रोजन, आणि मला उठवलं. चार कार्बन डायऑक्साइड, पाच पाणी, उजवीकडे ऑक्सिजनचे अणू भरले १३ आणि ऑक्सिजन तर जोडीनेच येतो! खडू हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो, शेवटी भीत भीत साडेसहा लिहिलं, आख्खा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हिशोब बरोबर आहे याचा," म्हणाले, "आता अर्धा रेणू नको असेल तर काय करशील?" मी सगळ्याची दुप्पट केली. २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी.

पुढे सरांनी स्वतः १३ पुसून ९ लिहिले, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड. तेही समीकरण बरोबर सुटतं, मोजून बघा. गॅस तोच, फक्त हवा कमी, आणि तयार होतो विषारी वायू. त्याहून कमी पडली की काजळी. आमच्या घरी तेव्हा रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता, ज्योत पिवळी झाली की आई पिन मारायची, तरी पातेल्यांची बुडं काळी व्हायचीच आणि ती राख लावून घासत बसायची. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला ती काजळी का धरते ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

आज २२ वर्षं मी बॉयलरच्या कामात आहे. एक किलो ब्युटेन पूर्ण जाळायला साडेतीन किलोच्या वर ऑक्सिजन लागतो, म्हणजे हवा १५ किलोच्या पुढे, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच द्यावी लागते, हे सगळं त्या १३ मधूनच निघतं. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर कुठे दिसला की मी आधी खिडकी आहे का बघतो, नातेवाईकांशी यावरून भांडलोय सुद्धा.

हल्ली माझा मुलगा पर्यायांतून उत्तर ओळखतो, एकेक ठेवून बघतो आणि जुळला की पुढे. मार्क मिळतात. पण ते साडेसहापाशी अडकून उभं राहणं त्याच्या वाट्याला येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्यक्रमाला मी येतोय. सर येणार असतील तर आयोजकांनी मला आधी फोन करावा, त्यांना घरून आणायला आणि परत सोडायला मी गाडी घेऊन जाईन.