आमची वाटचाल: नेक ज्याचा त्याने घडवायचा

आमच्या कार्यशाळेत गिटार बनवायला शिकायचं म्हणून जो येतो, त्याला फी सांगायच्या आधी आम्ही एक अट सांगतो. गिटारचा नेक, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लांब दांडी, स्वतःच्या हातानं घडवायचा. तयार नेक आणून तो बॉडीला जोडून घेणं आमच्याकडे होत नाही. या अटीपायी बरेच जण पहिल्या भेटीतच मागे फिरले, आणि जे राहिले त्यांच्या जिवावर हा व्यवसाय उभा आहे.

आमची सुरुवात सोल्डरिंगच्या टेबलावर झाली. वडिलांचं पुण्याच्या बुधवार पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लोक टीव्ही दुरुस्त करून घ्यायचे थांबले, तसे दुकानात अँप्लिफायर यायला लागले. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कॉलेजची मुलं संध्याकाळी दारात उभी असायची, "काका, उद्या रन आहे, आजच द्या ना." अँपच्या मागोमाग गिटारी आल्या. जॅक सैल झालाय, व्हॉल्यूमचं बटण खरखरतंय, पिकअप मधेच बंद पडतोय. ही कामं आमच्या हातची होती. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात असतं तरी काय? चुंबक, त्यावर तारेची गुंडाळी (हाच पिकअप), दोन-तीन पोटेन्शिओमीटर, एखादा कपॅसिटर आणि जॅक. रेडिओ उघडणाऱ्याला त्यात काहीच अनोळखी नाही.

लिओ फेंडर यांनीही 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचंच दुकान काढलं होतं. 1950 मध्ये त्यांच्या कारखान्यातून भरीव बॉडीची, स्क्रूनं नेक जोडलेली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार त्या रचनेत स्पष्ट दिसतो. नेक बिघडला तर स्क्रू काढा, दुसरा लावा. आमच्या वर्गात आजही याच पद्धतीचा जोड शिकवतो, कारण नेक आणि बॉडी शेवटपर्यंत वेगवेगळी ठेवून त्यांवर निवांत काम करता येतं.

पुढे गिटारी वेगळ्या तक्रारी घेऊन यायला लागल्या. "तार फ्रेटला घासतेय", "खाली सुरात आहे, वर बेसूर होते", "बोटांना काहीतरी टोचतंय". यातली एकही तक्रार सोल्डरिंगनं सुटणारी नव्हती. हळूहळू लक्षात आलं की या तक्रारींनाही पुण्याचे ऋतू आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकच्या तोंडावरच्या फळीचं, लाकूड रुंदीत आकसतं, तिच्यात आडव्या बसवलेल्या फ्रेटची धातूची पट्टी मात्र आहे तेवढीच राहते, आणि तिची टोकं कडेनं बाहेर येतात. तेच बोटाला टोचतं. जूनमध्ये पाऊस लागला की आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाते, लाकूड ओलावा पितं, नेकचा बाक बदलतो आणि उन्हाळ्यात नीट वाजणारी गिटार घासायला लागते. आधीच सहा तारा मिळून नेकला साधारण पंचेचाळीस किलोच्या जोरानं ओढत असतात. त्या ओढीला तोंड देण्यासाठी नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई बसवलेली असते. ती पिळली की नेक सरळ होतो, सैल केली की बाक येतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या संचानं) मोजायची. 0.2 ते 0.25 मिलिमीटर असली की छान. हेच फीलर गेज स्कूटरचे टॅपेट लावणारे मेकॅनिकही वापरतात, त्यामुळे ते विकत घ्यायला पुण्यात कधी लांब जावं लागलं नाही.

या दुरुस्त्यांनीच आमचं मत बनवलं. बॉडीचा आकार, रंग, चकाकी हे सगळं डोळ्यांसाठी. हाताला आणि कानाला जी गिटार कळते, ती नेकमध्ये असते. आणि बाहेरच्या देशातल्या हवेत वाळवलेला नेक इथल्या मे महिन्याला आणि जुलैला सारखाच तोंड देईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. इथे वाजणारी गिटार इथल्या हवेत मुरलेल्या लाकडाची असावी, हे आमच्या मनानं तेव्हाच घेतलं.

पण लाकडातलं आम्हाला कळत नव्हतं. ते कळलं आमच्या मिस्त्रींमुळे आणि मिरजेमुळे. मिस्त्रींचं आयुष्य भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास फर्निचरच्या कामात गेलेलं. त्यांनी आधी गिटार कधी हातातही घेतली नव्हती, पण फळी उभी करून कडेनं एक नजर टाकली की ती कुठे पिळणार हे ते सांगायचे. मिरजेला आम्ही सतारी-तंबोऱ्यांची कामं बघायला गेलो. तिथली ही परंपरा शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळ्याच्या वर बसणारी सतारीची दांडी तिथे बहुतेक वेळा तून लाकडाची असते. महोगनीच्याच कुळातलं हे झाड आहे. हलकं, सरळ रेषांचं, कोरायला सोपं. कारागीर लाकूड आणतात आणि वर्षानुवर्षं तसंच मुरत ठेवतात. परतीच्या वाटेवर मिस्त्री म्हणाले, "शेठ, आपण घाई करतोय. आधी लाकूड घेऊन ठेवू, मग बघू काय करायचं ते." आम्ही तेच केलं. दुकानाचा पोटमाळा रिकामा केला, फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून थप्पी लावली आणि पुढचे काही हंगाम दुरुस्तीवर काढले.

आज आमची बॉडी बहुधा तूनची असते. नेक मात्र सागवानाचा, मधे शिसवीची एक उभी पट्टी घालून तीन तुकड्यांत चिकटवलेला. सागवान ओलाव्यानं फारसं हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. पेठांमधले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब विकायला निघतात, आणि त्या सागवानानं कितीतरी पावसाळे पाहिलेले असतात. त्याचे त्रासही आहेत. त्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार भराभर जाते. ते तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी पृष्ठभाग थिनरनं पुसला नाही तर जोड दगा देतो. जुन्या तुळईत खिळा राहिलेला असतो, तो रंध्याच्या पात्याला लागायच्या आधी शोधावा लागतो. त्यासाठी भिंतीतली सळई शोधायचं यंत्र आम्ही वापरतो.

फिंगरबोर्ड शिसवीचा. पश्चिम घाटातलं हे लाकूड जगभरच्या गिटारींवर आहे. 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियमांखाली आला, आणि 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आम्हाला सूट असो वा नसो, लाकडाची पावती असल्याशिवाय फळी आत घ्यायची नाही हा नियम पहिल्यापासून आहे. कितीही सुंदर तुकडा असला तरी.

वर्ग सुरू करायचं ठरवलं नव्हतं. आम्ही घडवलेल्या पहिल्या काही गिटारी बघायला जी मंडळी आली, त्यांतल्या अनेकांचा प्रश्न एकच होता, "हे आम्हाला शिकवाल का?" चाकणच्या कारखान्यात काम करणारे एकजण होते, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यातल्या दोघांना तर गिटार वाजवताही येत नव्हती. व्यवसायातले हितचिंतक म्हणाले, वर्ग चांगला चालेल, पण तयार नेक मागवा, दोन शनिवार-रविवारांत संपवा, बॅच मोठी घ्या. हिशेबानं ते बरोबरच होतं. जागेचं भाडं दर महिन्याला द्यायचं असतं आणि लाकूड मुरवण्यात अडकलेला पैसा व्याज देत नाही. तरीही आम्ही बॅच लहान ठेवली आणि वर्ग काही महिन्यांचा केला. पहिली काही वर्षं वर्गाचा खर्च दुरुस्तीच्या उत्पन्नातून निघायचा. आता तो स्वतःच्या पायावर आहे.

नेकचं काम कागद-पेन्सिलीनं सुरू होतं. तारेची लांबी 648 मिलिमीटर धरली, तर तिला 17.817 नं भागायचं. येतात 36.4. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) एवढ्या अंतरावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्यानं भागायचं, तिथे दुसरा. असं करत बाराव्या फ्रेटला पोचलं की अंतर बरोबर 324 भरतं, म्हणजे निम्मं. गणिताच्या बाईंना हे माहीत होतं, पण स्वतःच्या फळीवर बारावी रेघ बरोबर मध्यावर पडली तेव्हा त्यांनी पट्टी पुन्हा लावून पाहिली आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग बारीक करवतीनं खाचा. खाच जेमतेम 0.6 मिलिमीटर रुंद. जास्त रुंद झाली तर फ्रेट धरत नाही, अरुंद राहिली तर फ्रेट ठोकताना पाचरीसारखं काम करून नेकलाच मागे वाकवतो.

नेकची पाठ गोल करायची ती रंधा, पटाशी आणि कानशीनं. इथे मिस्त्री प्रत्येकाच्या शेजारी उभे असतात. "ताई, रेषेच्या उलट नका जाऊ, चिप्पी उडेल. लाकूड फिरवून घ्या." मधेमधे नेक हातात धरून, डोळे मिटून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवायला सांगतात. डोळ्याला न दिसलेला फुगवटा अंगठ्याला लागतो.

पण ज्या कामात सगळ्यात जास्त लोक कंटाळतात आणि ज्यावर आमचा सगळ्यात जास्त जीव आहे, ते काम म्हणजे फ्रेट एका पातळीत आणणं. ठोकून बसवलेले फ्रेट वरवर सारखे दिसतात, पण सारखे नसतात. ट्रस रॉडनं नेक अगदी सरळ करायचा, प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करनं रेघ मारायची, आणि सपाट लोखंडी पट्टीला बारीक पॉलिश पेपर चिकटवून ती नेकच्या लांबीत सावकाश फिरवायची. उंच फ्रेटवरची शाई आधी जाते, बुटक्यावरची राहते. सगळ्यांच्या माथ्यावरची शाई गेली की थांबायचं, त्यापुढे एक हातही नाही. आता माथे सपाट झालेले असतात, आणि सपाट माथ्यावर तार नेमकी कुठे टेकते ते ठरत नाही, सूर हलतो. म्हणून पुन्हा मार्कर, आणि खोबणीच्या कानशीनं दोन्ही बाजूंनी गोलाई द्यायची. मधोमध केसाएवढी काळी रेघ शिल्लक राहील इतपतच. बावीस फ्रेट, प्रत्येकावर हेच. यंत्रानं कापलेल्या नेकवरही हे काम शेवटी हातानंच करावं लागतं, आणि स्वस्त गिटारींमध्ये नेमकं तेच टाळलेलं असतं. दुरुस्तीला येणाऱ्या किती गिटारी फक्त एवढ्यानं सुधारतात ते आम्ही रोज पाहतो.

यंत्राला आमचा विरोध नाही. पिकअपचे खड्डे आणि ट्रस रॉडचा चर राउटरनं, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्रानं, साचा लावून काढतो. तिथे हाताचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पिकअपही वर्गातच गुंडाळतो. 42 गेजची तांब्याची तार केसाइतकीच, बऱ्याचदा केसापेक्षाही बारीक. सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला, सुमारे आठ हजार वेढे. तार बोटांच्या चिमटीतून सोडायची, ताण जरा वाढला की तुटते. सिंगल कॉइल वीजवाहिनीची गुणगुण उचलते, हे शिकवायला आम्हाला वेगळं उपकरण लागत नाही. शेजारी पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की अँपमधून आवाज येतो, मग आम्ही दोन उलट गुंडाळ्यांचा हंबकर जोडतो आणि गुणगुण बसते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये तयार केलेली ही युक्ती गिरणीच्या साक्षीनं कायमची लक्षात राहते.

आमच्या वर्गाचं वेळापत्रक पावसानं ठरवलंय. पॉलिश दमट हवेत मारलं तर वाळताना दुधाळ होतं, म्हणून पावसाळ्यात लाकूडकाम आणि फ्रेट. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी सगळ्या बॅचचे रंधे आणि पटाशा एका पाटावर मांडलेल्या असतात. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पॉलिश, मग तारा, आणि शेवटी प्रत्येक तारेचं सॅडल (बॉडीवरचा तारेचा टेकू) पुढे-मागे करून बाराव्या फ्रेटचा सूर जुळवणं. त्यानंतरच्या मे महिन्यात आणि पुढच्या जुलैत प्रत्येक गिटार तपासणीला परत मागवतो. ही तपासणी फीमध्येच धरलेली असते. नेक दोन्ही ऋतूंत कसा वागला याची नोंद आमच्या वहीत होते, आणि कोणतं लाकूड पुढे वापरायचं ते त्या वहीवरून ठरतं.

आता बेस गिटारची बॅच घ्यायची आहे. तारेची लांबी 864 मिलिमीटर, म्हणजे नेकही त्या प्रमाणात लांब आणि ताणही जास्त. त्यासाठी सरळ रेषांच्या, गाठ नसलेल्या लांब सागवानी तुळया हव्यात. तुमच्या माहितीत एखादा वाडा उतरत असेल तर जरूर कळवा, आम्ही टेम्पो घेऊन येऊ.