आमची वाटचाल : शनिवारचे शेवटचे डबे

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, सुरू झाली, तेव्हा कास्टिंग (ओतून तयार झालेला नग) खराब निघाले की संबंधित कामगाराच्या पगारातून पैसे कापायचे, हा नियम मीच घातला होता आणि त्याला मी शिस्त म्हणत असे. या शिस्तीने दोष कमी झाले नाहीत, दिसेनासे मात्र झाले. पंपाच्या बॉडीवरील छिद्रांत पुट्टी भरून, वर रंग मारून माल बाहेर पडू लागला आणि मशीनिंगला लागताच सगळा लॉट परत आला.

नगाच्या आतली जागा मोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा म्हणजे कोअर. आमच्याकडे प्रत्येकाच्या कोअरला वेगळी खूण असते आणि ती कास्टिंगच्या आतल्या बाजूस उमटते. परत आलेला माल फोडून पाहिला, तेव्हा एका जुन्या कामगार बाईंच्या खुणेचे नग जवळजवळ निर्दोष निघाले. साधारण 1,350 ते 1,400 अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस साच्यात उतरतो, तेव्हा कोअरमधील वाळू धरून ठेवणारा बाइंडर जळून वायू सुटतो, आणि त्याला वाट मिळाली नाही तर तो धातूत शिरून छिद्रे पाडतो. बाई कच्च्या कोअरमधून सायकलचा स्पोक घालून ही वाट करून ठेवीत. तेही माझी पाठ वळल्यावर, कारण ठरलेल्या पद्धतीत बदल करायचा नाही, असे मी बजावले होते. आधी का सांगितले नाही, असे विचारताच त्या म्हणाल्या, "बोललो असतो आणि माल बिघडला असता, तर पैसं कुणाचं कापणार हुता, मालक?"

कपात त्याच महिन्यात बंद केली. टोयोटाने 1951 मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केल्याचे वाचून मी सूचनापेटीही लावली. तिच्यातून तंबाखूच्या रिकाम्या पुड्यांखेरीज काही निघाले नाही. लिहून देणे म्हणजे तक्रार करणे, हा समज पेटीने कसा जाणार?

अखेर शनिवारच्या शेवटच्या हीटमधील, म्हणजे भट्टीच्या शेवटच्या घाण्यातील, चार डबे (वाळूचा साचा ज्यात भरतात त्या चौकटी) प्रयोगासाठी राखले. तिथे कामगाराने आपली कल्पना करून पाहावी, नुकसान कंपनीचे. बिघडलेले लोखंड पुन्हा भट्टीतच जाते, त्यामुळे वाया जाते ते वीज आणि मजुरीपुरते. हा साधा हिशेब मला फार उशिरा सुचला. लॅडल (रस ओतायचे भांडे) कोरडी ठेवणे आणि रस ओतणे यांत मात्र कुणालाही प्रयोगाची मुभा नाही, कारण ओलाव्यावर रस पडला की स्फोट होतो. तिथे मी आजही पूर्वीइतकाच कडक आहे.

सध्या साचे बनवणाऱ्या एका तरुण मोल्डरचा रायझर, म्हणजे थिजताना आकसणाऱ्या नगाला जादा रस पुरवणारा साठा, लहान करण्याचा प्रयत्न चालू आहे. दोन शनिवार नगांत नको तिथे पोकळी निघाली. तिसऱ्यासाठी त्याने डबे मागून घेतले आहेत.