बाबांचा माउथ ऑर्गन आणि आमचा नळ

बाबांचा माउथ ऑर्गन मी नळाखाली धरला होता. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचा शहाणपणा कुठल्या तोंडाने सांगतेय ते कळेल.

बाबा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीवर असले की रात्री वाजवायचे म्हणे, घरी कधीच नाही. ते गेल्यावर कपाटात खाकी सदऱ्यांखाली हा होनर कंपनीचा २४ होलचा माउथ ऑर्गन सापडला. आतून कुबट वास येत होता, म्हणून भांड्यांबरोबर तोही विसळला आणि खिडकीत ठेवला. पत्र्यांच्या मधे लाकडाची पट्टी असते हे मला कुठे माहीत! थोड्या वेळाने बघते तर लाकूड फुगून कडेने दातांसारखं बाहेर आलेलं. तसाच ओठाला लावला आणि ओठ सोलवटून घेतला. वाळल्यावर दात आत गेले, पण दोन होलमधल्या एका भिंतीला चीर पडली ती पडलीच. त्या होलमध्ये फुंक निम्मी वाया जाते.

पेटी (हार्मोनियम) दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "ताई, पेटी धुता का कधी?"

बरोबरच होतं. पेटी काय आणि हा काय, जात एकच. पितळेची बारीक पट्टी, एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, हवेने थरथरणारं. काकांनी बारीक खिळे उपसून पत्रे उघडले आणि भिंग माझ्या हातात दिलं. एका पट्टीला धाग्याचं कुसळ अडकलेलं, बहुधा सदऱ्याचंच. ते सुईने काढलं आणि मुका सूर बोलायला लागला. दुसरी एक उतरली होती. तिचं टोक त्यांनी दोनदा हलकेच खरवडलं, सूर चढला. मुळाशी खरवडलं असतं तर आणखी उतरला असता. (घरी करून बघू नका. मी बघितलं. त्यावर नंतर कधीतरी.) या ट्रेमोलो प्रकारात प्रत्येक सुराला दोन पट्ट्या असतात, एकीपेक्षा दुसरीचा सूर मुद्दाम किंचित सरकवून लावलेला. म्हणून तो लहरणारा आवाज.

वाजवायची चटक लागली तशी मुलाने वाढदिवसाला १० होलचा डायटॉनिक (एकाच पट्टीच्या शुद्ध स्वरांचा) आणला, पांढरी एकचा, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हा त्याचा सा. छोटा, देखणा, खिशात मावणारा. पण खालच्या सप्तकात मध्यम नाही आणि धैवतही नाही! सरळ सारेगम चौथ्या होलपासून सुरू होते. ब्लूज हे अमेरिकी संगीत वाजवणारे जिभेने, घशाने सूर वाकवून हवे ते काढतात, त्यांना तो लखलाभ. मला यमन वाजवायचा होता आणि तीव्र मध्यम कुठून आणू?

म्हणून घ्यायच्या आधी दुकानाचा नाही, गाण्यांचा विचार करा. साध्या शुद्ध स्वरांच्या चाली असतील तर ट्रेमोलो पुरतो. काही जण पांढरी एक आणि काळी एकचे दोन एकावर एक धरून कोमल स्वर काढतात, पण माझ्या हातून एक तरी पडतोच. रागदारीकडे झुकायचं असेल तर क्रोमॅटिकच. १२ होल, बाजूला बटण, दाबलं की सूर अर्ध्या स्वराने चढतो. दुसऱ्या होलमध्ये श्वास ओढला की शुद्ध मध्यम, ओढताना बटण दाबलं की तीव्र. पहिल्यांदा तो लागला तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. किंमत मात्र पोटात गोळा आणणारी आहे. मी दिवाळीच्या बोनसची वाट पाहिली. आणि हो, दुकानदार तोंड लावून बघा म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. तुमच्या आधीही कोणीतरी लावलंच असेल. काहींकडे तपासायला छोटा भाता असतो.

क्रोमॅटिकच्या आत प्लास्टिकचे पातळ पडदे असतात. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत गार वाद्यावर श्वासाची वाफ धरते, पडदे चिकटतात आणि सूर फरफरतो. मी पाच मिनिटं स्वेटरच्या आत काखेत धरून बसते. यजमान म्हणतात, कोंबडी अंड्यावर बसलीय.

वाजवून झालं की होल खाली करून तळहातावर आपटते, थुंकी निघते. मग पुसून, थोडा वेळ उघडा ठेवून डबीत. जोर लावून फुंकत नाही, पट्ट्या थकतात आणि एके दिवशी तुटतात. पण घरात खरी भांडणं होतात ती चहावरून. साखरेचा चहा पिऊन वाजवलं की पट्ट्यांवर चिकट थर बसतो.

परवा मुलगा एका हातात कप घेऊन दुसऱ्या हाताने डबी उघडत होता.

"आधी गुळणी!" मी ओट्यापासूनच ओरडले.

"आई, बिनसाखरेचा आहे."

"तरी गुळणी."