माळ्यावरची गाठोडी

शनिवारी संध्याकाळी वाचनालय बंद करता करता फोन आला. पेठेतला एक जुना वाडा सोमवारी पाडायला घेणार होते. "माळ्यावर कागदांची गाठोडी आहेत. उद्या दुपारपर्यंत न्या, नाहीतर राडारोड्यात जातील."

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं. अनुदान पगार, वीजबिल आणि नव्या पुस्तकांतच संपतं. स्थानिक इतिहासाचा विभाग चालतो तो रविवारच्या मंडळींच्या जिवावर : निवृत्त पोस्टमास्तर, दोन शिक्षिका, कॉलेजची तीन मुलं आणि शिवणकाम करणाऱ्या एक काकू. सगळ्यांनी मोडीचा वर्ग केलेला. रात्री सातही जणांना फोन लावले. एकानेही "बघतो" म्हटलं नाही.

सकाळी सातला सगळे वाड्यात हजर. तोंडाला फडकी, हातात टॉर्च. पोस्टमास्तरांनी बजावलं, "गाठ कुणी सोडायची नाही. गाठोडं कुठल्या कोपऱ्यात होतं ते चिठ्ठीवर लिहा, मगच उचला." हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बांधणाऱ्याने जे एकत्र ठेवलं ते एकत्रच राहायला हवं. एखादा कागद कुठल्या प्रकरणातला, हे पुष्कळदा त्याच्या शेजाऱ्यावरूनच कळतं. दुपारच्या आत चौदा गाठोडी टेंपोतून वाचनालयात आली.

जेवणं उरकून पहिल्या गाठोड्याचा रुमाल सोडला. आत कसरीने, कागद खाणाऱ्या किडीने, जाळी करून टाकली होती. मोडी पत्रं लांबट कागदांवरची. मजकूर वाढला की खाली कागदाचा दुसरा बंद चिकटवायचे. कसर नेमकी त्या खळीवर येते आणि जोड सुटतात. एका तुकड्यावर मायना होता, शेवट नव्हता. दुसऱ्यावर शेवटच्या ओळी, कालाची नोंद आणि 'मोर्तब सूद', म्हणजे पत्र संपल्याची मोहोर. मी नोंदवहीत दोन अपूर्ण कागद लिहून पुढे गेलो.

काकूंनी मात्र दोन्ही तुकडे उलटे केले. कापडाची कड बघावी तसं बोट फिरवलं, दोन्ही कडा एकमेकींना लावल्या. मागे जोडावर शिक्का उमटवलेला होता, अर्धा वरच्या तुकड्यावर, अर्धा खालच्या. वर्तुळ पुरं झालं.

"सर, एकच पत्र आहे हे."

शिक्षिकाबाईंनी पत्राचा काल वाचला : इहिदे सबैन मया व अलफ. अरबी आकडे : एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणाऱ्या सुहूर कालगणनेचा सन ११७१. इसवी सनाचं १७७०-७१, थोरल्या माधवराव पेशव्यांची कारकीर्द. मजकूर साधाच : गावची विहीर ढासळली, डागडुजीसाठी वसुलात सूट द्यावी. गावाच्या नावापाशी त्या थबकल्या. अक्षर पुसट होतं. कॉलेजच्या तिघांतला सर्वांत अबोल मुलगा वाकला आणि एकेक अक्षर लावत त्याने ते वाचलं. त्याचंच गाव. "विहीर आहे अजून. आम्ही तिथंच पोहायला शिकलो."

मी नोंदवहीतल्या दोन नोंदींवर रेघ मारली आणि नवी नोंद त्याच्याकडून लिहून घेतली. पत्र मऊ मलमलीत ठेवेपर्यंत दिवे लागले होते.

आठच्या सुमारास त्याचे आजोबा एसटीने आले. चपला दाराबाहेर काढून टेबलापाशी उभे राहिले. पत्राला हात लावला नाही. नातवाला म्हणाले, "वाच बघू. सावकाश वाच."