व्यवसाय : पहारेकरी, निवृत्त

जूनमधल्या त्या शुक्रवारी सकाळी डिस्ट्रिक्ट नर्सचा, म्हणजे घरोघरी जाऊन रुग्णांना पाहणाऱ्या परिचारिकेचा, फोन आला, तेव्हा मृत्यूचा एक साधा दाखला लिहायचा आहे, एवढीच माझी समजूत होती. एडिंबराच्या दक्षिणेला, मिडलोदियनमधल्या एका जुन्या खाणगावात मी तीन महिन्यांपूर्वी जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून रुजू झाले होते. ७८ वर्षांचे गृहस्थ, सीओपीडी (जुनाट ब्राँकायटिस आणि एम्फिसिमा मोडतात तो श्वास कोंडणारा फुप्फुसांचा आजार), घरी ऑक्सिजन, मृत्यू अपेक्षित. नर्सने पहाटेच मृत्यूची खात्री केलेली होती. स्कॉटलंडमध्ये अशा वेळी डॉक्टरने मृतदेह पाहिलाच पाहिजे असे कायद्याचे बंधन नाही, आणि माझे सहकारी बहुधा जातही नाहीत. संगणकावर फॉर्म ११, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरून मोकळे होतात. मी गेले ती केवळ सवयीने, कारण आपल्याकडे माणूस गेला की त्या घरी जायचे असते.

नर्स त्यांना स्वच्छ करत होती. त्यांच्या हातांवर आणि कपाळावर केसांच्या कडेला बारीक निळ्या रेघा होत्या, आणि तिने त्यांना कुशीवर वळवले तेव्हा पाठीच्या कण्यावर एकाखाली एक, बटणे लावावीत तसे निळे डाग दिसले. बुटक्या छताखाली वाकून काम करताना प्रत्येक मणका खरचटतो, जखमेत कोळशाची पूड जाते आणि वरून कातडी धरते. नागपूरला मेडिकलमध्ये शिकत असताना चंद्रपूर-वणीकडचे खाणकामगार आमच्या वॉर्डात येत, पण सावळ्या कातडीवर या खुणा चटकन नजरेत भरत नाहीत. इथे त्या शाईने गोंदल्यासारख्या दिसत होत्या.

मी गाडीत बसून पुन्हा फाइल उघडली. तिच्यात लिहिले होते, ‘व्यवसाय : पहारेकरी, निवृत्त.’ माझ्या आधीच्या किमान सहा डॉक्टरांनी या माणसाच्या सिगारेटींचा हिशेब वर्षागणिक चोख मांडून ठेवला होता, पण पहारेकरी होण्याआधी आपण काय करत होता, हा प्रश्न त्यांपैकी एकानेही विचारलेला नव्हता, आणि तोही अशा गावात की जिथे चौकातल्या स्मारकावर खाणीतला दिवा कोरलेला आहे. त्याहून वाईट म्हणजे रुग्णालयाच्या एका जुन्या एक्स-रे अहवालात ‘दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात गाठी, न्यूमोकोनिओसिस?’ असे स्पष्ट लिहिलेले होते. न्यूमोकोनिओसिस म्हणजे धूळ साचून होणारा फुप्फुसांचा आजार. ते प्रश्नचिन्ह बारा वर्षे तसेच पडून राहिले.

मी परत आत गेले आणि बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, विचारले. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले की, १९६० साली, पंधराव्या वर्षी ते न्यूटनग्रेंजच्या लेडी व्हिक्टोरिया खाणीत उतरले, १९८१ मध्ये ती बंद झाल्यावर बिल्स्टन ग्लेनला गेले आणि १९८४ पर्यंत तिथे होते. म्हणजे चोवीस वर्षे जमिनीखाली. ज्याने भूमिगत काम वीस वर्षे केले आहे, अशा कोळसा कामगाराचा जुनाट ब्राँकायटिस किंवा एम्फिसिमा १९९३ पासून औद्योगिक आजारांच्या सरकारी यादीत धरला जातो, मग तो सिगारेट ओढत असो वा नसो. त्यासाठीचा भत्ता त्यांना हयातभर मागता आला असता. ब्रिटिश कोलला, म्हणजे खाणी चालवणाऱ्या सरकारी कंपनीला, खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या आजारांसाठी जबाबदार धरणारा निकाल १९९८ मध्ये लागला, तेव्हा आलेला नुकसानभरपाईचा अर्ज त्यांनी शेकोटीत टाकला होता. ज्यांनी मला काढले त्यांच्यापुढे हात पसरणार नाही, असे ते म्हणाले होते. तो त्यांचा निर्णय होता. पण भत्त्याबद्दल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, ही चूक आमची आहे.

आता मृत्यूच्या कारणांत केवळ सीओपीडी लिहून फाइल मिटणे मला शक्य नव्हते. मी पहिल्या भागात कोळसा कामगाराचा न्यूमोकोनिओसिस लिहिला. इंग्लंडसारखा कॉरोनर, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, स्कॉटलंडमध्ये नसतो. व्यवसायामुळे जडलेल्या आजाराने मृत्यू झाला असेल, तर तो प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी अधिकाऱ्याला कळवावा लागतो. ती चौकशी बहुतेक वेळा कागदोपत्रीच आटोपते, पण कधी कधी कामाचा इतिहास नोंदवून घेण्यासाठी पोलिसांना घरी पाठवले जाते. बाईंना मी एवढेच सांगितले की एका कार्यालयाला फोन करावा लागेल आणि एखाद-दोन दिवस उशीर होईल. पोलिसांचा उल्लेख मी केला नाही. ते येणार नाहीत अशी मला आशा होती, आणि त्या क्षणी तो शब्द उच्चारायला जड गेला, हेही खरे आहे.

दुसऱ्या दिवशी गावाचा गाला डे होता. खाण गेली, दुकाने गेली, पण हा दिवस अजून टिकून आहे. शाळेतली एक मुलगी त्या दिवसाची राणी होते, ब्रास बँडमागून सजवलेल्या ट्रकांची मिरवणूक निघते, आणि ‘वेल्फेअर’ म्हणजे खाणकामगारांच्या जुन्या क्लबसमोरच्या मैदानात तिला मुकुट घालतात. बँडवाल्यांपैकी निम्म्यांच्या घराण्यात कोणी ना कोणी खाणीत होते. त्या घराजवळ येताच बँडने वाजवणे थांबवले आणि सगळे नुसते चालू लागले. तसे त्यांना कोणी सांगितले होते की नाही, मला ठाऊक नाही. दारात पोलिसांची गाडी उभी होती. सगळ्या गावाने ती पाहिली, आणि फुग्यांच्या गर्दीत उभ्या असलेल्या मीही पाहिली.

सोमवारी बाई दवाखान्यात आल्या. स्कॉट बोलीतही तो शब्द ‘पोलिस’ असाच, अगदी आपल्यासारखा उच्चारतात, त्यामुळे त्यांचे वाक्य मला भाषांतर न करताच कळले. १९८४ च्या खाणकामगारांच्या संपात नवऱ्याला बिल्स्टन ग्लेनच्या फाटकावर पकडले होते, नंतर एकदा पहाटे घरातूनही नेले होते. शांतताभंगाचा दंड झाला, बोर्डाने, म्हणजे पुढे ब्रिटिश कोल झालेल्या सरकारी कोळसा मंडळाने, कामावरून काढले आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांनी एका गोदामात रात्रपाळीचा पहारा केला. २०२२ मध्ये स्कॉटिश संसदेने अशा शिक्षा झालेल्या कामगारांना कायद्याने माफी दिली. तिच्यासोबत पैसा नव्हता, तरी त्या बातमीचे कात्रण त्यांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले होते. शनिवारी आलेला कॉन्स्टेबल अतिशय सौजन्याने वागला, टोपी काढून बसला, असेही बाईंनी सांगितले. आणि तो बसला होता ती खुर्ची नेमकी त्या आरशाखालची होती.

फिस्कलने माझे कारण जसेच्या तसे मान्य केले. शवविच्छेदन झाले नाही. मुलाने निबंधकाकडे नोंद करताना व्यवसायाच्या जागी खाणकामगार असे सांगितले. दफनाच्या वेळी शवपेटी दोऱ्यांनी खाली सोडतात आणि कोणी कोणता दोर धरायचा याची क्रमांक घातलेली कार्डे आधी वाटतात. आठांपैकी तीन दोर त्या फाटकावर सोबत पकडल्या गेलेल्यांच्या हातात होते. त्यांतल्या दोघांना मधेच थांबून श्वास घ्यावा लागला. दोघेही आमच्याच रुग्णांच्या यादीतले आहेत, आणि त्यांच्या फायली मी त्याच आठवड्यात तपासल्या. एकाच्या नोंदीत ‘माळी’ लिहिलेले आहे.

नंतर वेल्फेअरमध्ये चहा होता. बाई किटली घेऊन माझ्यापाशी आल्या. ‘हेन’, म्हणजे कोंबडी, हा इथला बायकांसाठीचा मायेचा शब्द.

“तू लिहिलेस ते खरेच आहे, हेन,” त्या म्हणाल्या. “पण पोलिस येतील, हे तुला आधी ठाऊक होते का?”

येऊ शकतील हे ठाऊक होते, असे मी सांगितले. त्यांनी माझा कप भरला, सॉसेज रोलची बशी माझ्याकडे सरकवली आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.