बुजवलेला खड्डा टिकला किती, हे कोण मोजतं?

जुलै उजाडला की मुंबई महापालिकेचे आकडे यायला लागतात, खड्ड्यांच्या अमुक हजार तक्रारी आल्या, तमुक हजार खड्डे बुजवले, त्यातले एवढे ४८ तासांत बुजवले, आणि पेपरवालेही तेच छापतात. माझी त्या आकड्यांबद्दल तक्रार नाहीये, बुजवले असतील. पण त्या यादीत एक रकाना मी आजपर्यंत बघितला नाही. बुजवलेल्यांपैकी पंधरा दिवसांनी किती जागेवर होते? आमच्यासारख्या रोज बाईकवरून जाणाऱ्याला खरं तर तेवढंच हवं असतं, बाकी आकड्यांचं आम्ही काय करणार.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, एका महापालिकेच्या रस्ते विभागातून रिटायर झालेले (कुठल्या ते लिहीत नाही, ते हे वाचतात). त्यांचं पहिलं वाक्य असं की खड्डा बुजवायचा असेल तर आधी तो मोठा करायला लागतो. म्हणजे कडेचं डांबर जिथपर्यंत सैल झालंय तिथपर्यंत चौकोनी कापायचं, कडा उभ्या ठेवायच्या, आतली माती, सुटी खडी आणि पाणी काढायचं, मग तळाला आणि कडांनासुद्धा टॅक कोट मारायचा, म्हणजे डांबराचं ते पातळ इमल्शन, आणि मग माल, म्हणजे डांबर-खडीचं मिश्रण, थराथराने टाकून प्रत्येक थर दाबायचा. विरलेल्या कापडावर ठिगळ लावलं तर टाका कापड घेऊनच निघतो, तसं आहे हे. इंडियन रोड्स काँग्रेसचं डांबरी रस्त्यांच्या देखभालीचं एक अख्खं कोड आहे, आयआरसी ८२, त्यामुळे कसं करायचं ते कुणाला माहीत नाही असं अजिबात नाही.

प्रत्यक्षात आपण काय बघतो? टेम्पो येतो, दोन जण उतरतात, पाणी साचलेल्या खड्ड्यात फावड्याने माल ओततात, फावड्याच्याच पाठीने थापटतात, फोटो काढतात आणि पुढे. दाबायचं काम तुमच्या-माझ्या टायरने करायचं. पहिल्या जोरदार सरीला खडी बाहेर येते आणि मग ती खडीच बाईकवाल्यांना खड्ड्यापेक्षा जास्त आडवं करते.

त्यात तापमान हा वेगळाच विषय आहे. आपल्याकडे नेहमी वापरतात ते व्हीजी-३० डांबर असेल तर हॉट मिक्स प्लांटमध्ये माल १५० ते १६५ डिग्रीला तयार होतो, अंथरताना १४० च्या खाली गेलेला चालत नाही आणि रोलिंग ९० च्या आत उतरायच्या आधी संपवायला लागतं, ही सरकारी स्पेसिफिकेशनमधलीच मर्यादा आहे. आता असा ट्रक मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये भर पावसात दीड-दोन तास अडकला, वर ताडपत्री नीट नसली, तर साइटवर काय पोचतं? मालात खुपसायचा थर्मामीटर काही फार महाग नसतो, काका म्हणतात आमच्या वेळी इंजिनिअरच्या बॅगेत असायचा. असायचा आणि वापरला जायचा यात फरक आहे काका, असं मी म्हटलं, तर ते हसले फक्त.

मुंबईने माल बदलून बघायचे प्रयोग मात्र भरपूर केले. २०१७ मध्ये ऑस्ट्रिया आणि इस्रायलहून कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता टाकायचा डांबरी माल, आणून बघितलं, ते महाग पडतं म्हणून मग वरळीच्या स्वतःच्या प्लांटमध्ये कोल्ड मिक्स करायला सुरुवात केली. २०२२ च्या पावसाळ्यात आणिक-वडाळा रोडवर चार पद्धती शेजारीशेजारी केल्या: जिओपॉलिमर काँक्रीट, रॅपिड हार्डनिंग काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि स्टीलची प्लेट टाकून एम-६० काँक्रीट. आता जास्त भर मॅस्टिकवर असतो, म्हणजे वितळवून ओतायच्या घट्ट डांबरी मालावर. मॅस्टिक खरंच चांगली गोष्ट आहे, त्यात पाणी शिरत नाही, रोलरही लागत नाही, कुकरमधून गरमागरम ओतायचं आणि लाकडी थापीने सपाट करायचं, पण खालची जागा कोरडी पाहिजे, आणि आपल्याला नेमका पावसातच खड्डा बुजवायचा असतो. एकूण काय, माल कुठलाही आणा, ओल्या चिखलावर टाकला तर तो उखडणारच, मग दोष मालाचा कसा?

मग कामाचा दर्जा कोण बघतं? कागदावर बरंच कोणीकोणी बघतं. रस्ता दोषदायित्व कालावधीत असेल, म्हणजे ज्याला सगळे डीएलपी म्हणतात, तर ज्याने रस्ता केला त्यानेच खड्डे फुकट बुजवायचे. ऐकायला मस्त वाटतं, पण फुकटात करायचं म्हटल्यावर तो सगळ्यात स्वस्तातच करणार ना, आणि एकदा थोपटलं की पालिकेच्या दृष्टीने तक्रार क्लोज. डीएलपी संपलेल्या रस्त्यांसाठी वेगळा ठेकेदार असतो, त्याचं काम मोजून एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, चढतं आणि त्यावर बिल निघतं. तोच खड्डा तीन आठवड्यांनी परत उघडला आणि नवीन तक्रार म्हणून नोंदला गेला तर ते नवीन काम होऊ शकतं, नवीन मोजमाप. म्हणजे एकाला नीट करायची गरज नाही आणि दुसऱ्याला नीट न केल्याचा तोटा नाही. यात कुणी चोर असायचीही गरज नाही, साध्या हिशोबाने गेलं तरी असंच होणार.

बरं, चोर असले तर काय होतं तेही मुंबईने बघितलंय. २०१५-१६ च्या रस्ते घोटाळ्यात पालिकेच्याच चौकशीत ३४ रस्त्यांच्या कामात गडबडी निघाल्या, ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले, पालिकेचे वरिष्ठ इंजिनिअर निलंबित झाले, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्यांनी त्रयस्थ म्हणून दर्जा तपासायचा होता त्या ऑडिट कंपन्यांची माणसंही अटक झाली. त्यामुळे 'थर्ड पार्टी ऑडिट करू' ऐकलं की मला लगेच हायसं वाटत नाही. हल्लीच्या काँक्रिटीकरणाला आयआयटी मुंबईला नेमलंय, ते ठीकच, पण ते मोठ्या कामांचं झालं, गल्लीतल्या दोन बाय दोनच्या पॅचमागे आयआयटी कुठे धावणार.

पॅचसाठी खरं तर फार काही लागत नाही आणि राग त्याचाच येतो. मुंबईत २२७ प्रभागांना एकेक दुय्यम अभियंता खड्ड्यांसाठी नेमलेला आहे, २०२५ पासून पॉटहोल क्विकफिक्स नावाचं ॲप आहे, त्यात फोटो आणि लोकेशन जातं. मग त्याच लोकेशनवर, समजा दहा मीटरच्या आत, तीन महिन्यांत दुसरी तक्रार आली तर सिस्टिमने आपोआप लाल करावं, आधीच्या पॅचचं बिल थांबवावं, दुसऱ्यांदा ठेकेदाराच्या खर्चाने करून घ्यावं. एक्सेल येणारा कुठलाही मुलगा हे एका दुपारात करून देईल. 'बुजवलेले खड्डे' ऐवजी 'पुन्हा उघडलेले खड्डे' हा आकडा वॉर्डप्रमाणे छापला तर इंजिनिअर आपोआप साइटवर उभा राहून खड्डा नीट कापून घेईल.

हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जरा वेगळ्या बाजूने हात घातला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर घरच्यांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, आणि ते पैसे जबाबदार अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करायचे. वसुलीचा भाग मला पटला. त्याच आदेशात खड्डा ४८ तासांत बुजवायची मुदत आहे, तिच्याबद्दल मात्र धाकधूक वाटते, कारण घड्याळ लावलं की फावडंवाला टेम्पो अजूनच जोरात पळणार. पावसात तात्पुरतं भरावं लागतं हे मान्य आहे, पण मग त्या तक्रारीला 'तात्पुरतं' असा शिक्का मारून उघडीच ठेवा ना, ऑक्टोबरमध्ये कोरड्यात पक्कं करा आणि तेव्हा बंद करा.

चरींबद्दल लिहायचं राहिलंच, गॅस, केबल, पाणी, सगळे खोदतात आणि बुजवताना खालची माती दाबत नाहीत म्हणून वर्षभरात ती पट्टी खचते, पण त्यावर वेगळं लिहीन.

तोपर्यंत ज्यांना काही करायचंय त्यांनी माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: तुमच्या रस्त्याचा डीएलपी कधी संपतो आणि कोणाकडे आहे, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत त्या रस्त्यावर खड्डे बुजवल्याच्या एमबीच्या नोंदींची प्रत. फी १० रुपये, झेरॉक्सचे पानाला २ रुपये. आपल्याकडे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायला लागतो, हा आरामात बसतो.